भावंडं आणि मैदान: मुलांसाठी खेळाची गोष्ट पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

मुलांसाठी खेळाची गोष्ट लिहायला बसलं की बहुतेक जण एकच गोष्ट लिहितात. गरीब घरचा मुलगा, फाटके बूट, कडक सर, शेवटच्या मिनिटाला जिंकतो, टाळ्या. त्यात भाऊ-बहीण असलेच तर बिचारे मैदानाच्या कडेला उभे राहून 'चल दादा चल' ओरडायला. आणि इकडं जळगाव, धुळे, नंदुरबार कुठल्याही गावात संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन बघा, एकेका घरातली दोन-दोन, तीन-तीन पोरं एकाच खेळात दिसतील, कारण मैदान एकच, सर एकच, आणि मोठ्याच्या मागं मागं आलेला धाकटा तिथंच रमून जातो. म्हणजे खरी गोष्ट तिथं रोज चालू असते आणि आपण ती सोडून फाटक्या बुटांच्या मागं लागतो.

माझं म्हणणं एवढंच की भावंडांची चुरस दाखवायला मोठमोठे डायलॉग लागत नाहीत, खेळाचा नियमच ते काम करतो. नियम नीट माहीत असला की दोघांना एकमेकांसमोर कसं आणायचं ते आपोआप सुचतं, आणि नियम माहीत नसला की मग रडारड, मिठ्या आणि 'मला माफ कर दादा' सुरू होतं. आता एकेक काम क्रमानं बघू.

आधी जन्मतारखा ठरवा

हसू नका, खरंच कागदावर दोघांच्या जन्मतारखा लिहा. शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात, तालुका मग जिल्हा मग विभाग मग राज्य अशी चढण असते, आणि आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, म्हणजे विभागाची मॅच म्हटली की नाशिककडची टीम समोर येणार हे ध्यानात ठेवा.

आता वयातल्या अंतरावर सगळा खेळ आहे. दोघांत एक-सव्वा वर्षाचं अंतर असेल तर बहुतेक वेळा ते एकाच टीममध्ये, एकाच जागेसाठी. चार वर्षांचं असेल तर ते मैदानावर कधी भेटणारच नाहीत, धाकट्याच्या वाट्याला फक्त मोठ्याचं नाव येणार, 'अरे तू त्याचा भाऊ ना' हे वाक्य तो सहावीपासून ऐकत येणार. मला सगळ्यात कामाचं वाटतं ते दोन वर्षांचं अंतर. धाकटी तेराची, मोठी पंधराची, म्हणजे यंदा गट वेगळे आणि घरात शांतता, पण पुढच्या वर्षी धाकटी सतराखालच्या गटात येणार आणि मोठी अजून त्याच गटात असणार. हे दोघींना माहीत आहे, घरात कुणी बोलत नाही. एवढ्यावर अख्खी गोष्ट उभी राहते बघा.

एक गोष्ट नवीन लिहिणाऱ्यांकडून फार होते. भाऊ आणि बहीण एकाच कबड्डी टीममध्ये घालून तालुक्याला खेळवतात. शालेय स्पर्धेत मुलांचे आणि मुलींचे संघ वेगळे असतात, त्यामुळं गावातल्या कुठल्याही पोराला पहिल्याच पानावर कळतं की लेखकानं मैदान बघितलेलं नाही. भाऊ-बहीणच हवे असतील तर सरावात एकत्र आणा, अंगणात आणा, नाहीतर बुद्धिबळाची खुली स्पर्धा घ्या.

खेळ निवडताना नियम निवडा

कबड्डीपासून सुरू करतो कारण आपल्याकडं ती सगळ्यांना कळते, पण लिहिताना बहुतेक लोक चढाई आणि पकड एवढ्यावरच थांबतात. यात भावंडांसाठी सोन्यासारखा नियम वेगळाच आहे. गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या टीमनं समोरचा गडी बाद केला की बाहेरचा एक जण आत येतो, जो आधी बाहेर गेला तो आधी आत. पण बोनस रेषेपलीकडं पाय टाकून मिळवलेल्या गुणानं कुणी आत येत नाही. स्कोअर वाढतो, बाहेरचा बाहेरच. आता विचार करा, मोठा भाऊ बाहेर बसलाय आणि धाकटा चढाईला निघालाय.

असं काहीतरी लिहून बघा:

'एकवीस-एकवीस. हर्षल एकटाच बाहेर बसलेला. चेतन मध्यरेषा ओलांडून आत शिरला, समोर सहा जण, उजव्या कोपऱ्यातला गडी पाय जरा जास्तच पुढं टाकून वाकलेला, हात लांबवला तर लागला असता. चेतननं एकदा बाहेर दादाकडं बघितलं. मग डावा पाय बोनस रेषेपलीकडं टेकवला, उजवा वर उचलला आणि वळून परत आला. बावीस-एकवीस. अख्खी शाळा ओरडली. हर्षलनं मुठीत माती घेतली आणि सोडून दिली.'

यात चेतन चुकला का? नाही. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस मिळतो, संधी होती, त्यानं घेतली, सरांनी पाठ थोपटली. आणि तरी घरी जाताना दोघं सायकलवर एक शब्द बोलणार नाहीत. वाचणाऱ्या पोराला हे लगेच कळतं, समजावून सांगावं लागत नाही. उलट कुणीतरी विचारेल की चेतननं मुद्दाम केलं का, आणि त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. तुम्हाला स्वतःलाही नक्की माहीत नसलं तर उत्तमच.

खो-खोमध्ये गंमत वेगळी आहे. आठ जण मधल्या ओळीत बसलेले, नववा पळतोय, आणि बसलेल्यांची तोंडं एकाआड एक उलटी. म्हणजे दोघी बहिणी शेजारीशेजारी बसल्या तरी एकीला शाळा दिसते आणि दुसरीला रस्ता. पळणारीनं खो द्यायचा तो पाठीमागून, हात लावून, मोठ्यानं 'खो' म्हणून, आणि ज्यांची पाठ तिच्याकडं आहे त्यांनाच. खो मिळाल्याशिवाय बसलेलीनं उठायचं नाही, उठली की फाऊल. मोठी बहीण धाकटीच्या पाठीमागून तीनदा पळत गेली आणि तिन्ही वेळा खो पुढच्या मुलीला दिला, धाकटीला फक्त पावलांचा आवाज येतोय आणि मागं वळून बघता येत नाही. यात भांडण लिहायची गरजच नाही. मोठ्या गटात पाळी नऊ मिनिटांची असते, लहान गटात वेळ वेगळी असते, ती शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे आणि ते लोक आनंदानं सांगतात. आणि खो-खोला आता पोरांच्या डोक्यात वजन आलंय, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्ही कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, त्यामुळं 'खो-खो काय, क्रिकेटवर लिही' असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

कुस्तीत सगळं वजनावर. मॅटवरच्या स्पर्धेत दोघं भाऊ वेगळ्या वजन गटात असतील तोवर एकाच तालमीत, एकाच ताटात सुखानं जगतात. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये गीता फोगाट ५५ किलोत खेळली आणि सुवर्ण घेतलं, बबिता ५१ किलोत खेळली आणि रौप्य घेतलं, एकाच घरात दोन पदकं आली ती गट वेगळे होते म्हणून. तुमच्या गोष्टीत धाकट्याचं वजन वाढू द्या. एक उन्हाळा, आजोळी आमरस, आणि जूनमध्ये काट्यावर उभा राहिला तर आकडा दादाच्या गटाचा. आता कुणीतरी वजन उतरवणार, कुणी? जत्रेतली मातीची कुस्ती लिहायची असेल तर तिथं जोड नजरेनं लावतात, वजनकाटा नसतो, ते वातावरण वेगळं, ते बघितल्याशिवाय लिहू नका.

क्रिकेटवर फार बोलत नाही. लिहायचंच असेल तर दोघं भाऊ एकाच वेळी बॅटिंगला आहेत आणि एक रन आऊट झाला, एवढंच घ्या. कोणी हाक दिली होती यावर ते म्हातारपणापर्यंत भांडतील.

घरातलं भांडण एकाच वस्तूवर

मैदान ठरलं, आता घर. इथं मोठी चूक म्हणजे 'आईबाबा दादावर जास्त प्रेम करतात' असं लिहून टाकणं. प्रेम पोरांना मोजता येत नाही, पण बाकीचं सगळं ती मोजतात. भरीत-पुरीच्या पंगतीत कळण्याची पुरी कोणाला दुसऱ्यांदा मिळाली, मोबाईल कोणाच्या हातात किती वेळ, नवीन बूट कोणाला आणि जुने कोणाला. म्हणून मोजता येईल अशी एकच वस्तू किंवा एकच काम धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

आपल्या भागासाठी मला कापसाची वेचणी सगळ्यात जिवंत वाटते. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात आणि जिल्हा, विभाग करत करत दिवाळीच्या आसपास येतात, आणि नेमका तेव्हाच कापूस फुटलेला असतो. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर किलोमागं दर वाढवून मागतात, मग रविवारी घरातले सगळे वावरात. मोठीला जिल्ह्याची मॅच आहे म्हणून ती सरावाला गेली की तिची ओळ कोण वेचणार? धाकटी. म्हणजे एकीचा सराव म्हणजे दुसरीची वेचणी, हा सरळ हिशोब. धाकटीच्या बोटांना नखाशेजारी सुक्या बोंडाच्या टोकांनी बारीक ओरखडे पडलेत, सोमवारी शाळेत पकड करताना ते झोंबतात, आणि मोठीची बोटं स्वच्छ. सर दोघींना म्हणतात 'पकड घट्ट हवी'. एवढं दाखवलं की वाचणारा धाकटीच्या बाजूनं झाला. मग पुढच्या पानावर मोठीला पहाटे पाचला उठून चुलीपासून पाण्यापर्यंत सगळं उरकून सरावाला पळताना दाखवा, म्हणजे तो गोंधळात पडतो. त्याला गोंधळात पाडायचंच आहे.

यावल, रावेरकडचे असाल तर कापसाऐवजी केळी घ्या, केळीला घड कापायच्या दिवशी सगळ्यांची गरज लागते. गावात राहणारी नोकरदार घरातली पोरं असतील तर वेचणी सोडा, ट्यूशनची वेळ धरा.

अजून एक खरी अडचण गोष्टीत कुणी वापरत नाही. दहावी-बारावीला ठराविक पातळीच्या स्पर्धेत खेळलं की सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. मोठा दहावीला आहे, गणितात कच्चा, धाकटा नववीत आणि खेळात त्याच्यापेक्षा सरस. टीममध्ये जागा एक. सर कोणाला घेणार, घरचे सरांना काय सांगून येणार, आणि ते धाकट्याला कधी कळणार? यात कुणीच वाईट नाही, आणि मुलांच्या गोष्टीत खलनायक नसला तरी चालतो, हे लक्षात असू द्या.

खरी भावंडं बघून घ्या, नक्कल करू नका

कल्पना सुचत नसेल तर खरी उदाहरणं वाचा, फक्त त्यातला प्रश्न घ्या, माणसं घेऊ नका. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत भारतानं अमेरिकेला २४–१ हरवलं, त्यात ध्यानचंद यांचे ८ गोल आणि धाकट्या भावाचे, रूपसिंग यांचे १०. त्या मॅचला जास्त गोल धाकट्याचे, पण आज नाव कोणाचं ऐकू येतं? तुमच्या गोष्टीतल्या धाकट्यानं एका मॅचमध्ये मोठ्यापेक्षा जास्त गुण घेतले आणि गावात बॅनर लागला तो मोठ्याचा, तर? झाला ना प्रश्न तयार.

उलटी बाजू बुद्धिबळात दिसते. चेन्नईच्या वैशालीला टीव्ही कमी बघावा म्हणून बुद्धिबळाला घातलं, तिचं बघून धाकटा प्रज्ञानंद शिकला, तो २०१८ मध्ये ग्रँडमास्टर झाला आणि ती २०२३ च्या डिसेंबरात. जिनं घरात पट आणला तिला पाच वर्षं 'त्याची ताई' म्हणून ऐकायला लागलं असेल तर कसं, हे फक्त विचारून बघा, उत्तर तुमच्या पात्रांकडून घ्या. आपल्या मराठी घरातलं उदाहरण म्हणजे मुंबईच्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये वासंतींनी जिंकली आणि मग कितीतरी वर्षं ते विजेतेपद त्याच घरात फिरत राहिलं. एका घरात तीन जणी आणि किताब एक. रात्री जेवायला बसल्यावर काय बोलत असतील असं मला नेहमी वाटतं.

आणि ज्यांना भाऊ भावाला मदत करतो असंच लिहायचंय त्यांनी २०१६ ची मेक्सिकोतली ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत, बघावी. जॉनी ब्राउनली पुढं होता, शेवटच्या टप्प्यात उन्हानं त्याचे पाय लटपटले, मागून आलेल्या मोठ्या भावानं, ॲलिस्टरनं, त्याला धरून पळवत नेलं आणि आपल्या आधी रेषेपलीकडं ढकललं. लोक एवढंच सांगतात. पण तोवर तिसराच एक जण, दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन, पुढं जाऊन जिंकला होता. मदत केली आणि तरी पहिला नंबर गेला, हा भाग गाळू नका, गोष्टीतलं मीठ तेच आहे.

कोण सांगतंय, कुठल्या बोलीत

नव्यांनी एकाच भावंडाच्या तोंडून गोष्ट सांगावी. बहुतेक लोक धाकटा घेतात कारण त्याच्यावर अन्याय होतो आणि लिहायला सोपं जातं. एकदा मोठीला बोलू द्या. जिच्या मागून कुणीतरी रोज थोडं थोडं जवळ येतंय तिची भीती कुणी लिहीत नाही.

बोलीचं म्हणाल तर निवेदन साध्या मराठीत ठेवा आणि भांडण अहिराणीत होऊ द्या, कारण घरात भांडताना कुणी पुस्तकी बोलत नाही. 'बोनस काबर लिधा? मी भायेर बठेल व्हतू ना!' हे कोल्हापूरच्या पोरालाही संदर्भानं कळतं. माय दोघांच्या मध्ये येऊन 'दोन्ही मन्हाच शेतस' म्हणाली की झालं, पुढं भाषण नको. सगळं पान अहिराणीत लिहिलं तर बाहेरचा वाचक अडतो, आणि दोन शब्द 'भो' 'भो' टाकून अहिराणी झाली असं समजणाऱ्यांवर आपल्याकडची पोरं हसतात. लेवा बोली वेगळी, ती अहिराणीत मिसळू नका, फैजपूरच्या लेवा बोलणाऱ्या आजीला साक्रीची अहिराणी दिली की पहिलं पत्र तिकडूनच येतं.

मोठ्या माणसांना कमी बोलू द्या. सर, बाबा, आजोबा यांनी तोडगा काढला की गोष्ट मुलांची राहत नाही.

मॅचचं पान आणि शेवट

मॅच पूर्ण सांगू नका, ती कॉमेंटरी होते. अख्ख्या मॅचमधला एक मिनिट घ्या, कबड्डीची एक चढाई तीस सेकंदांची असते, त्यात एक पान भरतं. स्कोअर एकदाच सांगा, वेळ एकदाच सांगा, बाकी पाय, हात, श्वास, माती. आणि इकडची माती, इकडचं ऊन असू द्या, एप्रिलमध्ये दुपारी दोनला सराव लिहिला तर भुसावळचं पोरगं पुस्तक मिटेल, उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळी लवकर सराव आटपतात.

शेवटाला दोन गोष्टी टाळा. एक, भावासाठी मुद्दाम हरणं. मोठ्यांना ते गोड वाटतं, पण ज्याला जिंकू दिलं त्याला कळलं तर तो आयुष्यभर माफ करणार नाही, आणि खेळणाऱ्या पोरांना हे पक्कं माहीत असतं. दोन, दोघांनाही बक्षीस. कुणीतरी हरू द्या आणि हरलेला हरलेलाच राहू द्या, फक्त दुसऱ्या दिवशी घरात काहीतरी एक बारीक बदलू द्या. मोठी न सांगता आपली ओळ वेचून धाकटीच्या ओळीला लागते, धाकटी म्हणते 'राहू दे, तू हळू वेचतेस'. बास.

लिहून झालं की आठ ते बारा वयाच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवा, जमलं तर वर्गात, आणि वर्गात सख्खे किंवा चुलत भाऊ-बहीण असतील तर त्यांच्याकडं लक्ष ठेवा. वाचून झाल्यावर 'आवडली का' विचारू नका, 'कोणाचं बरोबर होतं' विचारा. वर्ग दोन बाजूंना वाटला जाऊन भांडायला लागला तर गोष्ट पाठवायला हरकत नाही. सगळे एकाच भावंडाच्या बाजूनं झाले तर दुसरं अजून कागदावर नीट उतरलेलं नाही, त्याला एक पान जास्त द्या, आणि ते पान मैदानावरचं नको, घरातलं द्या.